तिकीट नसलेल्या कॉन्फरन्सला जाताना: पुणे ते फॉसडेम, एका पॅचची केस

हे प्रकरण आमच्या टीममधल्या एका सिनियर इंजिनियरचं आहे. नाव नको म्हणाली म्हणून नाव नाही, बाकी सगळं तिला वाचायला देऊनच लिहितोय. ऑफिस बाणेरला, कॉन्फरन्स ब्रसेल्सला, म्हणजे २०२५ चं फॉसडेम, १ आणि २ फेब्रुवारी, शनिवार-रविवार. ती गेली, मी नाही गेलो, मी घरी बसून त्याच रूमचं लाइव्ह स्ट्रीमिंग बघत होतो. त्यामुळे ह्या केसमध्ये तुलना आयतीच मिळाली, एकच सेशन, एकाच वेळी, एक जण रूममध्ये आणि एक जण कर्वेनगरात सोफ्यावर, आणि एवढा पैसा घालून माणूस पाठवल्यावर नक्की मिळतं काय ते त्यातून बऱ्यापैकी दिसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फॉसडेम ही फ्री आणि ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही वाचता-बदलता येणारं, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची युरोपातली सगळ्यात मोठी जत्रा. २००० साली ओएसडेम म्हणून सुरू झाली, नंतर फ्री सॉफ्टवेअर चळवळीचा प्रणेता असलेल्या रिचर्ड स्टॉलमनच्या सांगण्यावरून नावाच्या पुढे फ्रीचा एफ लागला. ब्रसेल्सच्या युएलबी विद्यापीठाच्या सोलबॉश कॅम्पसमध्ये भरते, आठ हजारांच्या वर लोक येतात, हजाराच्या आसपास सेशन्स होतात आणि सगळं व्हॉलंटियर चालवतात. एन्ट्री फुकट. फुकट म्हणजे नाव नोंदवून फुकट असंही नाही, रजिस्ट्रेशन हा प्रकारच नाही. बॅज नाही, गळ्यातला पट्टा नाही, क्यूआर कोड नाही, गेटवर विचारायला कोणी नाही. सरळ चालत आत जायचं.

ऐकायला किती छान ना. पण पुण्याहून जायचं असलं की घोडं तिथेच अडतं.

त्याआधी, ती जाणार कशाला होती ते सांगतो, नाहीतर पुढचं काही लागणार नाही. आमचा प्रॉडक्ट पोस्टग्रेस ह्या ओपन सोर्स डेटाबेसवर चालतो आणि आम्ही लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे एका डेटाबेसमधले बदल दुसरीकडे पोचवत राहणं, भरपूर वापरतो. एक रेप्लिकेशन स्लॉट (बदल कुठपर्यंत पोचले ह्याची डेटाबेसने ठेवलेली खूण) मागे पडला की डिस्क भरत जाते आणि रात्री कोणाचा तरी फोन वाजतो. स्लॉट का मागे पडला हे पटकन दिसावं म्हणून तिने स्लॉटच्या स्टॅटिस्टिक्सच्या व्ह्यूमध्ये एक जास्तीचा कॉलम घालणारा छोटासा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, लिहिला आणि पोस्टग्रेसच्या पद्धतीप्रमाणे मेलिंग लिस्टवर पाठवला. तिथे गिटहब ह्या साइटवर पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाची विनंती, टाकून मोकळं व्हायची सोय नाही. पॅच मेलने पाठवायचा, कमिटफेस्टमध्ये, म्हणजे पॅच तपासायच्या ठरावीक महिन्यात, नोंदवायचा, मग कोणाला वेळ होईल तेव्हा तो रिव्ह्यू करणार. कमिटफेस्ट वर्षातून पाच, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च. मार्चचं संपलं की एप्रिलच्या सुरुवातीला फीचर फ्रीझ, म्हणजे त्या वर्षीच्या व्हर्जनला नवीन काही घेणं बंद, त्याआधी बसलं नाही तर मामला पुढच्या वर्षाच्या व्हर्जनवर. पॅचेस शेकड्यांनी आणि प्रत्यक्ष कमिट करू शकणारी, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घालू शकणारी, माणसं तीसच्या आसपास, त्यातही बहुतेकांना आपापली नोकरी सांभाळून हे करायचं असतं, त्यामुळे छोटा पॅच मागे राहणं ह्यात कोणाचा दोष काढायचं कारण नाही. पण तिचं ते भिजत घोंगडं पडलं होतं हे खरं. मधेच दुसऱ्या कोणाचं काहीतरी कमिट व्हायचं, तिचा पॅच बदललेल्या कोडवर लागेनासा व्हायचा, ऑटोमॅटिक टेस्ट चालवणारा बॉट लाल दाखवायचा, ही परत रिबेस करून, म्हणजे नव्या कोडवर बसवून, पाठवायची. एका रिव्ह्यूअरने एकच वाक्य लिहिलं होतं, हे आहे त्या कॉलममधून काढता येत नाही का, आणि तिने दिलेल्या लांबलचक उत्तरावर पुढे शांतता.

तर मुद्दा हा होता, की तो रिव्ह्यूअर दरवर्षी फॉसडेमला असतो.

कॉन्फरन्सला जायचंय म्हटल्यावर मॅनेजर पहिला प्रश्न विचारतो की तुझा टॉक आहे का. नव्हता. टॉकसाठी प्रपोजल पाठवलं होतं तिने, पण फॉसडेममध्ये प्रत्येक विषयाची एक डेव्हरूम असते, तिचे आयोजक वेगळे, त्यांची प्रपोजलची मुदत साधारण नोव्हेंबर अखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला संपते आणि निकाल डिसेंबरच्या मध्याला लागतो. कॉन्फरन्स फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, मधे ख्रिसमसच्या सुट्ट्या. शेंगेन व्हिसाला नियमाप्रमाणे पंधरा दिवस धरायचे आणि शंका आली तर ते पंचेचाळीसपर्यंत ताणू शकतात. म्हणजे टॉक सिलेक्ट होतोय का बघू आणि मग व्हिसाचं बघू असं म्हणणारा माणूस आयत्या वेळी तोंडावर पडतो, स्पीकर असला तरी. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि फॉसडेमच्या तारखा कितीतरी आधी जाहीर असतात. म्हणून आमच्याकडे सप्टेंबरातच ठरलं की टॉक मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी जायचं. (नाही मिळाला.) माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच होता आणि त्याचं श्रेय मॅनेजरला, जे मी एरवी सहसा देत नाही.

आता कागदपत्रं. सॅलरी स्लिप, आयटीआर, बँक स्टेटमेंट, कंपनीची एनओसी, हॉटेल, जायचं-यायचं फ्लाइट, तीस हजार युरोचा किमान कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स, हे सगळे करतात आणि एजंटच्या चेकलिस्टमध्ये असतंच. फी जून २०२४ पासून नव्वद युरो, म्हणजे त्या वेळी आठ हजारांच्या आसपास, वर व्हिसा सेंटरचे चार्जेस. पण कशासाठी जाताय ह्याचा पुरावा? चेकलिस्टवर स्वच्छ लिहिलेलं, कॉन्फरन्सचं रजिस्ट्रेशन किंवा निमंत्रण. आणि हिच्याकडे दोन्ही नाही, कारण रजिस्ट्रेशन अस्तित्वातच नाही.

तोच प्रश्न तिकडे अकाउंट्सला. मॅनेजर आणि तिचा संवाद मी शेजारच्या डेस्कवरून ऐकलेला आहे.

"अगं, फी किती आहे त्याची?"

"शून्य, सर. फुकट आहे."

"बरं, मग पावती?"

"फुकट आहे म्हटल्यावर पावती कुठली, सर?"

"अगं पण पावती नाही तर ही ट्रिप कॉन्फरन्सची आहे हे मी सिस्टीममध्ये दाखवू कसं? ते तुला सुट्टी टाकायला सांगतील, ऑन ड्युटी नाही मिळायची."

ह्यावर तिने शोधलेला रस्ता मला फार आवडला. फॉसडेमच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ब्रसेल्समध्येच पोस्टग्रेसवाल्यांचा एक दिवसाचा वेगळा कार्यक्रम असतो, फॉसडेम पीजीडे. तो हॉटेलात होतो आणि त्याला रीतसर रजिस्ट्रेशन आणि फी असते. तिला तिथे तसंही जायचंच होतं, कारण जी माणसं रविवारी डेव्हरूममध्ये गर्दीत भेटणार तीच शुक्रवारी निवांत भेटतात. तिने ते रजिस्ट्रेशन आधी केलं आणि त्याची पावती दोन्हीकडे लावली, व्हिसाच्या फाइलला आणि अकाउंट्सच्या सिस्टीमला. कव्हर लेटरमध्ये फॉसडेमबद्दल वेगळा परिच्छेद लिहिला, की हा कार्यक्रम विनामूल्य आहे, ह्याला नोंदणीच नसते, म्हणून तिकीट जोडलेलं नाही, सोबत वेबसाइटवरच्या तारखा, ठिकाण आणि एन्ट्रीबद्दलच्या मजकुराचा प्रिंट जोडलाय. लपवाछपवी नाही, गोलमाल नाही. एजंट म्हणत होता की असलं काही लिहू नका, उगाच प्रश्न येतात, टूरिस्ट म्हणून टाका. तिने ऐकलं नाही आणि बरोबर केलं. एनओसीत कंपनी लिहिणार कॉन्फरन्स आणि अर्जात तुम्ही लिहिणार पर्यटन, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

व्हिसा आला, फक्त तेवढ्याच दिवसांचा, सिंगल एन्ट्री. बायोमेट्रिक दिलं गेलं ही जमेची बाजू, कारण बोटांचे ठसे एकोणसाठ महिने चालतात.

प्रवासाबद्दल फार नाही लिहीत. पुण्याहून शेअर कॅबने मुंबई, तिथून एक स्टॉप. एके काळी जेटची मुंबई-ब्रसेल्स थेट फ्लाइट होती, २०१६ मध्ये त्यांनी हब ॲमस्टरडॅमला नेलं आणि नंतर जेटच गेली. झावेंतेम एअरपोर्टच्या खालूनच ट्रेन मिळते, वीस मिनिटांत सेंट्रल स्टेशन. सकाळी आठ वाजता बाहेर अंधार, तीन-चार डिग्री आणि तो पाऊस, जो पाऊस म्हणावा इतका पडत नाही आणि थांबतही नाही. तिने आणलेली छत्री वाऱ्याने पहिल्याच दिवशी उलटी झाली, तिथे टोपीवालं जॅकेट लागतं. आणि लॅपटॉपच्या चार्जरची आपली तीन पिनांची वायर तिथल्या सॉकेटला लागत नाही, फोनचा दोन पिनांचा चार्जर मात्र सरळ बसतो, त्यामुळे लोक गाफील राहतात, फोन चार्ज होतोय म्हणजे सगळंच होणार असं वाटतं.

शुक्रवारचा पीजीडे व्यवस्थित झाला. रिव्ह्यूअर लांबून दिसला पण त्याच्याभोवती सतत चार माणसं, ही गेली नाही मधे घुसायला. संध्याकाळी फॉसडेमचा बिअर इव्हेंट असतो, कित्येक वर्षं तो डेलिरियम कॅफेच्या बोळात व्हायचा म्हणून जुने लोक अजून तेच नाव घेतात. ती पीत नाही, थोडा वेळ उभी राहिली आणि रूमवर जाऊन मेतकूट-भात खाऊन झोपली. आपल्याकडे कोणीतरी हमखास म्हणतं की नेटवर्किंग तिथेच होतं, गेलंच पाहिजे. मला नाही पटत. साडेचार तासांच्या फरकाने आणि रात्रभराच्या विमानाने डोळे मिटत असताना, कानठळ्या बसणाऱ्या आवाजात, अनोळखी माणसाला रेप्लिकेशन स्लॉट समजावणं कोणालाच जमत नाही.

शनिवार म्हणजे गर्दी. कॅम्पसकडे जाणारी ७१ नंबरची बस सेंटरपासूनच खच्चून भरलेली, ड्रायव्हर स्टॉपवर थांबेनासा झालेला, पाठीवर स्टिकरवाले लॅपटॉप घेऊन माणसं दारात लोंबकळत, अगदी आपली सकाळची स्वारगेटची पीएमटी. तिने दुसरी येते का बघितलं आणि मग चालत गेली. आत गेल्यावर पहिला धक्का म्हणजे अंतरं. के बिल्डिंगमध्ये प्रोजेक्ट्सचे स्टॉल, मोठी व्याख्यानं जॅन्सन नावाच्या चौदाशेच्या आसपास खुर्च्यांच्या सभागृहात, आणि डेव्हरूम्स एच, यू, एडब्ल्यू अशा सगळ्या बिल्डिंगमध्ये पसरलेल्या. ॲपवर टॉकला बुकमार्क करताना असं वाटतं की हा साडेदहाला संपला की तो साडेदहाचा गाठू. नाही गाठता येत. पाच मिनिटं चालायची आणि दारावर कागद लटकलेला असतो, रूम फुल. आगीच्या नियमामुळे पायऱ्यांवर बसू देत नाहीत, मागे उभं राहू देत नाहीत, व्हॉलंटियर गोड बोलतो पण हलत नाही. तिने सकाळच्या दोन टॉक्सना असा मार खाल्ला आणि दुपारपासून पद्धत बदलली, हवा असलेल्या टॉकच्या आधीच्या टॉकलाच जाऊन बसायचं आणि उठायचं नाही.

आणि इथे मी सोफ्यावरून तेच दोन्ही टॉक आरामात बघितले हो. हे लक्षात घ्या. फॉसडेमची व्हिडिओ टीम जवळजवळ प्रत्येक रूम लाइव्ह स्ट्रीम करते, त्यांनी स्वतः बनवलेल्या बॉक्सेसवर, आणि रेकॉर्डिंग नंतर सगळ्यांना फुकट. दुपारी सुरू, मधे चहा, मधे वरण-भात. आवाज कधी कधी खराब, प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात माइक नसेल तर प्रश्न ऐकू येत नाही, पण ९० टक्के माल मिळतो. २०२१ आणि २०२२ ला तर अख्खं फॉसडेमच ऑनलाइन झालं होतं. म्हणजे टॉक ऐकायला जायचं असेल तर पुण्याहून जाण्यात काही अर्थ नाही, उलट रूममध्ये गेलेल्याला कमी टॉक ऐकायला मिळतात. हे मी तिलाही म्हणालो, ती म्हणाली मला माहितीये, मी टॉकसाठी आलेच नाहीये.

वायफायची गंमत सांगायलाच हवी. फॉसडेमचं मुख्य वायफाय, ज्याचं नाव साधं फॉसडेम आहे, ते फक्त आयपीव्ही६ वर, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर, चालतं, मुद्दाम. जुन्या आयपीव्ही४ जगाशी बोलायला मधे भाषांतर करणारी व्यवस्था असते, त्यामुळे ब्राउझिंग, मेल, सगळं चालतं आणि बहुतेकांना फरकही कळत नाही. पण एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये आयपीव्ही४ पत्ता हार्डकोड केलेला, म्हणजे कोडमध्येच लिहून ठेवलेला, असेल तर ते तिथे उघडं पडतं, आणि हेतूही तोच आहे, हजारो डेव्हलपर एका जागी आहेत तर त्यांच्याच लॅपटॉपवर त्यांचेच बग दिसू देत. आमच्या कंपनीचं व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर) लगेच पडलं. लॉगमध्ये एक ओळ, नेटवर्क अनरीचेबल, आणि पुढे एक आकड्यांचा पत्ता, डोमेन नावही नाही, चक्क आकडे. शेजारी बसलेल्या मुलाने तिच्या स्क्रीनकडे बघून हसत सांगितलं की दुसरं नेटवर्क घे, फॉसडेम-एन्शंट. जुन्यापुराण्या लोकांसाठी ठेवलेलं. तिने ते घेतलं, व्हीपीएन जोडलं, आणि त्या हार्डकोड पत्त्याचा स्क्रीनशॉट आयटी सपोर्टला पाठवून तिकीट टाकलं. ह्या ट्रिपमधून कंपनीला मिळालेली पहिली ठोस गोष्ट ही.

खाण्याचं एक, शाकाहारी मंडळींनी वाचाच. बाहेर फूड ट्रक असतात, आणि बेल्जियममध्ये फ्राइज खाल्ले नाहीत असं कसं. पण तिथे पारंपरिक फ्राइज गाईच्या चरबीत तळतात. सगळीकडे नाही, आता तेलातलेही भरपूर मिळतात, पण विचारल्याशिवाय कळत नाही, बटाटाच तर आहे म्हणून रांगेत उभे राहाल आणि फसाल. तिला हे रांगेतच कळलं, पुढच्या माणसाने मागे वळून विचारलं, "तुम्ही पुण्याच्या का?" बॅगेवर आमच्या इंजिनियरिंग कॉलेजचं नाव होतं. तो सांगलीचा, आता आइंडहोवेनला नोकरीला, दरवर्षी ट्रेनने येतो. त्याने आधी तेलाचं सांगितलं, मग "तुम्ही"वरून "अगं"वर यायला त्याला एक फलाफल पुरला, आणि तिने पिशवीतली बाकरवडी काढल्यावर तर काय बोलायलाच नको. पण त्या माणसाने एक फार कामाची गोष्ट सांगितली. म्हणाला, "हे बघ, डेव्हरूममध्ये टॉक चालू असताना कोणाशी बोलता येत नाही आणि टॉक संपल्यावर सगळे स्पीकरभोवती गोळा होतात. तुला ज्याला भेटायचंय तो स्पीकर नसेल तेव्हा त्याला धर. आणि कॉफी पिऊ का असं विचारू नकोस, तुझा मुद्दा दोन वाक्यांत सांग आणि दहा मिनिटं मिळतील का विचार. हे लोक स्मॉल टॉकला घाबरतात, मुद्द्याला नाही."

रविवारी पोस्टग्रेसची डेव्हरूम. ती सकाळी पहिल्या टॉकलाच जाऊन बसली. मी इथे स्ट्रीमवर, दोघांचा व्हॉट्सॅप चालू. दुपारी एक टॉक चालू असताना तिचा मेसेज आला, तो बाहेर गेला, जाते. आणि त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. मला स्ट्रीमवर टॉक दिसत होता, छान होता, क्वेरी प्लॅनरवर होता, पण खरी घटना कॅमेऱ्याच्या मागच्या दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये चालली होती आणि ती कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये नाही.

तिने नंतर सांगितलं ते असं. कॉरिडॉरमध्ये थंडी, खिडकीच्या कट्ट्यावर लोकांचे कोट पडलेले, तो पाण्याची बाटली भरून परत येत होता. तिने नाव सांगितलं, तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, अच्छा, स्लॉटच्या कॉलमवाली. मेलवर नाव वाचलेलं असतं, चेहरा माहीत नसतो. तिने लॅपटॉप उघडलाच नाही, कागदावर दोन चौकोन काढले आणि आमच्याकडे नक्की काय होतं ते सांगितलं, मोठं ट्रान्झॅक्शन (एकत्र होणाऱ्या बदलांचा गठ्ठा) आलं की डीकोडिंग, म्हणजे ते बदल वाचून काढायचं काम, मेमरीत न मावून डिस्कवर सांडायला लागतं, आत्ताच्या आकड्यांवरून सांडलं हे कळतं, पण कशात वेळ गेला ते कळत नाही. तो म्हणाला की हे मला मेलवरून कळलंच नव्हतं, मला वाटलं तुला फक्त सोयीसाठी एक वजाबाकी हवी आहे. म्हणजे त्या एका वाक्याच्या शंकेला हिने जे एवढं मोठं उत्तर दिलं होतं ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

मग त्याची खरी हरकत बाहेर आली. कॉलमला त्याचा विरोध नव्हताच. त्याला काळजी होती ती मोजणी कुठे केली आहे ह्याची. तिचा पॅच प्रत्येक बदलाला काउंटर वाढवत होता आणि त्यासाठी आकडेवारी गोळा करणाऱ्या कोडची थोडी मोडतोडही त्याच पॅचमध्ये केली होती. त्यामुळे वाचणाऱ्याला एकाच वेळी दोन गोष्टी तपासाव्या लागतात, मोडतोडीने जुनं काही बिघडलं का, आणि नवीन मोजणी बरोबर आहे का. त्याने तिच्याच कागदावर मधोमध रेघ मारली. पहिला पॅच फक्त कोडची फेरमांडणी, वागणूक एका बिटानेही बदलता कामा नये, चालू टेस्ट जशाच्या तशा पास झाल्या पाहिजेत. दुसरा पॅच नवीन कॉलम, डॉक्युमेंटेशन आणि टेस्ट. पहिला मी एका बसण्यात वाचू शकतो, म्हणाला, दोन्ही एकत्र असतील तर मला शनिवार मोकळा काढावा लागतो आणि तो मिळत नाही. आणि आकडे आधी आतल्या आत जमव, जिथे बाकीचे आकडे एकदम पुढे पाठवले जातात तिथेच हाही पाठव.

आता पॅच तोडून पाठवा हा सल्ला काही नवा नाही, पोस्टग्रेसच्या जगात तो सगळ्यांना माहीत आहे, तिलाही होता. पण आपला पॅच एवढुसा, त्याचे काय तुकडे करायचे, असं तिला आणि मलाही वाटत होतं. मी इथून तिचा पॅच वाचून त्याला ओके म्हटलेलं होतं. ओळी मोजल्या तर तो छोटाच होता. वाचणाऱ्याला किती वेळ लागतो हे ओळींवरून कळत नाही, आणि हे सांगायला समोरचा माणूस मेलमध्ये बसत नाही, त्याला तेवढा वेळच नसतो, तो फक्त पुढच्या पॅचकडे वळतो.

सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. शेवटी तो म्हणाला की हे आत्ता लिस्टवर लिही, मला विसरायला होतं. हा भाग बरेच जण चुकवतात. ओपन सोर्समध्ये कॉरिडॉरमध्ये ठरलेलं काही ठरलेलं नसतं, ते लिस्टवर आलं तरच खरं, कारण जे ब्रसेल्सला आले नाहीत त्यांनाही हरकत घेता आली पाहिजे. तिने तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसून, मेल लिहिला, की फॉसडेमला बोलणं झालं, असं असं सुचवलं गेलं, मी पॅच दोन भागांत पाठवते, कोणाला वेगळं वाटत असेल तर सांगा. मी इकडे स्ट्रीम बंद करून लिस्ट रिफ्रेश करत होतो, मला तो मेल तिच्या व्हॉट्सॅपच्या आधी दिसला.

संध्याकाळी जॅन्सनमध्ये समारोप होतो, त्याला ती थांबली नाही. काही लोक सोमवारपासून बेल्जियममधल्याच गेंटला कॉन्फिग मॅनेजमेंट कॅम्पला जातात, तिथेही जायची तिची इच्छा होती, पण मॅनेजर म्हणाले एवढं पुरे.

परत आल्यावर ती आठवडाभर आजारी. फॉसडेम फ्लू हा शब्दच आहे तिकडे, हजारो माणसं बंद खिडक्यांच्या वर्गात दोन दिवस कोंबली की दुसरं काय होणार. खोकत खोकत घरून काम केलं आणि दोन तुकड्यांचा पॅच फेब्रुवारीतच पाठवला. पहिल्या तुकड्यावर आठवड्याच्या आत रिव्ह्यू आला. इतका पटकन रिव्ह्यू त्या पॅचला आधी कधीच आलेला नव्हता. दोन नावं बदला, एक कॉमेंट चुकीची आहे, बाकी ठीक. मार्चच्या कमिटफेस्टमध्ये तो रेडी फॉर कमिटरला, म्हणजे कमिटच्या आधीच्या टप्प्याला, पोचला. दुसऱ्या तुकड्यावर मात्र तिसऱ्याच एका माणसाने नवीन शंका काढली, स्टँडबायवर, म्हणजे राखीव डेटाबेस सर्व्हरवर, हा आकडा काय दाखवणार, आणि ती शंका बरोबर होती. ८ एप्रिलला अठराव्या व्हर्जनचं फीचर फ्रीझ झालं तेव्हा दोन्ही तुकडे बाहेरच होते, जुलैच्या कमिटफेस्टला ढकलले. ती फारशी नाराज नव्हती. आधी शांतता होती, आता वाद चालू आहे, आणि वाद चालू असलेला पॅच जिवंत असतो, असं तिचं म्हणणं.

मॅनेजरनी रिपोर्ट मागितला आणि वाचून विचारलं, मग हे त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर नसतं झालं का? प्रश्न चुकीचा नाही, खर्च त्यांनाच वर समजवायचा असतो. पण तो कॉल मागायचा कोणी आणि कशाच्या जोरावर? स्वतःच्या वेळात रिव्ह्यू करणाऱ्या अनोळखी माणसाला, तू गप्प का झालास ते सांगायला अर्धा तास दे, असं मेलवर कोणत्या तोंडाने म्हणणार. तिने एकदा मेल लिहून डिलीट केला होता म्हणे. आता मात्र गरज पडली तर ती कॉल मागू शकते, जूनमध्ये एकदा मागितलाही, स्टँडबायच्याच प्रश्नावर, आणि तो लगेच हो म्हणाला. बेंगळुरूला दरवर्षी पीजीकॉन्फ इंडिया होते, तिथेही खूप काम होतं आणि व्हिसा लागत नाही, मी सगळ्यांना आधी तिकडेच जा म्हणतो. पण हा विशिष्ट माणूस तिथे येत नाही, तेव्हा केस तशी सरळ आहे.

त्याच्या पुढचं फॉसडेम ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी २०२६ चं. त्या वेळी टीममधला दुसरा मुलगा जायचं म्हणत होता, त्याचा पॅच नव्हता, त्याला नुसतं बघायचं होतं. मॅनेजरनी त्याला सांगितलं की कोणाला भेटणार आणि काय विचारणार ते दोन ओळीत लिहून दे, मग बघू, आणि पीजीडेचं रजिस्ट्रेशन उघडलं की पावती आधी अकाउंट्सला. त्याचा पासपोर्ट मार्चमध्ये संपत होता, शेंगेनला परत यायच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध लागतो, त्यामुळे तो नूतनीकरणाची अपॉइंटमेंट शोधत बसला. व्हीपीएनमधला तो पत्ता आयटीने २०२५ च्या मे महिन्यात काढला.